क्रोशाचा चौकोन चौकोनी होत नाही, टोपी मापात बसत नाही: आधी मोजा, मग सुई बदला

आमच्या गटाचं काम साधं आहे. गुहागर-दापोली पट्ट्यातल्या बायका दुपारच्या वेळात २० सेंमीचे क्रोशाचे चौकोन विणतात. ते माझ्याकडे येतात, मी ते जोडते आणि वृद्धाश्रमासाठी पांघरुणं तयार होतात. त्याशिवाय नवजात बाळांच्या सुती टोप्या. दोन्ही कामं नवशिकीलाही जमणारी आहेत. चौकोनाला साखळी आणि खांब आले की पुरे, टोपीला ते गोल फिरवता आले की झालं. तरी बिघाड दर खेपेला तोच: माप चुकतं. एकटीने स्वतःसाठी ताटावरचा रुमाल विणला आणि तो बोटभर लहान झाला तर कोणाचं अडत नाही. दहा जणींचे चौकोन एकमेकांना जोडायचे असले की बोटभर फरक लगेच नडतो.

२०१६ च्या जानेवारीत चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११ हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं पांघरूण जोडलं आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. लोक एवढ्या दोऱ्याचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते इतक्या हातांचे तुकडे एकमेकांना जुळले याचं.

माप चुकलं की बहुतेक जणी पहिल्यांदा दुकानात जाऊन नवी सुई आणतात, नाहीतर दोऱ्याला नावं ठेवतात. माझा अनुभव वेगळा आहे. बिघाड बहुतेक वेळा मोजणीत असतो, आणि मोजायला पैसे पडत नाहीत. म्हणून खालच्या तपासण्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. फुकटची आधी, उसवण्याची शेवटी. मधली पायरी गाळू नका.

आधी लक्षण ओळखा

तुकडा जमिनीवर किंवा पाटावर सपाट ठेवा. हातात धरून कळत नाही, हात नकळत ताणून धरतो.

- खाली रुंद, वर अरुंद होत गेला: टाके गळतायत. तपासणी १ आणि २.
- खाली अरुंद, वर रुंद: टाके वाढतायत, किंवा पहिली साखळी घट्ट आहे. तपासणी १, २ आणि ३.
- कडा सरळ, पण कडेला ओळीआड भोकं: टाके बरोबर आहेत, वळणाची साखळी सैल आहे. तपासणी २ च्या शेवटी पाहा.
- आकार चौकोनी, पण सगळाच लहान किंवा मोठा: तपासणी ४ आणि ५.
- अर्धा भाग घट्ट, अर्धा सैल: तपासणी ६.
- विणताना ठीक होता, धुतल्यावर बिघडला: तपासणी ७.
- गोल तुकड्याची वाटी होते किंवा त्याला झालर पडते: टोपीचा भाग वाचा.

नावांबद्दल एक खुलासा. सुईवर एक वेढा घेऊन, टाक्यातून दोरा ओढून, दोन-दोन करून सोडवायचा त्याला मी खांब म्हणते. वेढा न घेता केलेला बुटका टाका म्हणजे मुका खांब. तुमच्या आजीकडे नावं वेगळी असतील, कृती तीच धरा.

१. शेवटची ओळ मोजा

आमचा ठरलेला चौकोन ३२ खांबांचा आणि १६ ओळींचा आहे, १० सेंमीत १६ खांब आणि ८ ओळी या हिशेबाने. आधी सगळ्यात वरची ओळ मोजा, मग सगळ्यात खालची. दोन्हीकडे ३२ आले तर पुढच्या तपासणीवर वेळ घालवू नका, थेट तिसरीवर जा.

मोजताना खांबाच्या अंगावरून मोजू नका, शेजारचे दोन खांब एक वाटतात. तुकडा स्वतःकडे झुकवा आणि वरची कड पाहा. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दोऱ्याची एक आडवी घडी असते, दोन पदर एका टोकाला मिळालेले. एक घडी म्हणजे एक टाका. सुईच्या टोकाने एकेक घडी दाबत जा.

ही तपासणी पहिली का? ओळीला एकच टाका गळत असेल तर तो डोळ्याला दिसत नाही. पण १६ व्या ओळीला ३२ चे १७ झालेले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला मोजलंत तर एक ओळ उसवून भागतं. संपल्यावर मोजलंत तर अख्खा चौकोन जातो. नवीन मुलींना मी सांगते, पहिल्या पाच ओळी प्रत्येक ओळ मोजायची, मग दर तिसरी. मालिका बघताना विणायचं असेल तर मोजणी जाहिरातीत.

२. कडेचा पहिला आणि शेवटचा टाका

मोजणी चुकली असेल तर गुन्हेगार इथेच सापडतो. मधल्या टाक्यांत गळती क्वचितच होते.

खांबाची ओळ संपली की आपण ३ साखळ्या घालून काम वळवतो. या ३ साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही पाळायला लागतात. एक, अगदी कडेच्या पहिल्या टाक्यात पुन्हा खांब घालायचा नाही, तो सोडून दुसऱ्या टाक्यात सुई घालायची. दोन, ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या ३ साखळ्या उभ्या असतात, त्यांच्या वरच्या साखळीत शेवटचा खांब घालायचाच.

पहिली पाळली आणि दुसरी विसरली की दर ओळीला एक टाका कमी. दुसरी पाळली आणि पहिली विसरली की दर ओळीला एक जास्त. दोन्ही विसरल्या तर गंमत होते. संख्या जुळते, पण कडेला साखळीचे कान बाहेर येतात आणि जोडताना सुई कुठे घालावी कळत नाही.

दुसरी गोष्ट विसरण्याचं कारण साधं आहे. ती वरची साखळी दिसतच नाही. काम वळवल्यावर ती मागच्या बाजूला मुरडते आणि एखाद्या गाठीसारखी आक्रसून बसते. शेवटचा खांब झाला असं वाटलं की थांबा. डाव्या अंगठ्याने कड खाली ओढा, चिमटीत धरून सरळ करा. ३ साखळ्या एकावर एक उभ्या दिसतील. सगळ्यात वरचीच्या दोन पदरांखालून सुई घाला. अजून दिसत नसेल तर एक युक्ती: ३ साखळ्या घातल्या की लगेच तिसऱ्या साखळीत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा बोटभर तुकडा ओवून ठेवा. परत तिथे पोचलात की तो खूण दाखवतो, मग तो काढून पुढच्या ओळीला वापरा. सेफ्टी पिन लावू नका. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साधी पिन लवकर गंजते आणि पांढऱ्या दोऱ्यावर तांबूस डाग ठेवून जाते.

मुक्या खांबाची ओळ असेल तर नियम उलटा. तिथे वळताना एकच साखळी घालतात आणि ती सहसा टाका म्हणून धरत नाहीत. म्हणजे पहिल्या टाक्यातही मुका खांब, शेवटी साखळीत काही नाही. खांबाच्या सवयीने मुका खांब विणणाऱ्या आणि मुक्याच्या सवयीने खांब विणणाऱ्या, दोघींचे चौकोन मला पिशवी उघडताच ओळखू येतात.

कडेला भोकं पडत असतील आणि संख्या बरोबर असेल, तर ३ ऐवजी २ साखळ्या घालून बघा. हात सैल असणाऱ्यांना २ पुरतात.

३. पहिली साखळी

तुकडा सुरुवातीलाच आवळलेला आणि वर जाऊन मोकळा झालेला, पण संख्या दोन्हीकडे सारखी. हा पहिल्या साखळीचा दोष. साखळीची लांबी खांबांच्या ओळीपेक्षा कमी पडली की खालची कड वर ओढली जाते. नवशिक्या साखळी जपून, आवळून घालतात, मग हळूहळू हात सुटतो.

उपाय फुकट आहे. घरात एक नंबर जाड सुई असेल तर फक्त साखळी तिने घाला, ओळी नेहमीच्या सुईने. ३२ खांबांसाठी साखळ्या ३४, आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. सुटलेल्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब. इथे ३२ च साखळ्या घालून सुरुवात करणाऱ्यांचे ३० खांब भरतात. मग त्या दुकानदाराला सांगतात की दोरा आखूड निघाला.

४. नमुना कुठला, अमेरिकी की ब्रिटिश

व्हिडिओ बघून विणणाऱ्यांसाठी. अमेरिकी पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्याच टाक्याला ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकी डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, म्हणजे आपला खांब. नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे हे शब्द आले तर तो अमेरिकी समजा, ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही. चुकीच्या पद्धतीने वाचलं तर टाक्याची उंची जवळजवळ निम्मी किंवा दुप्पट होते. संख्या तंतोतंत आणि टोपी बाहुलीची, असं झालं तर कारण हेच.

५. सुईचं आणि हाताचं माप

आता पट्टी लागेल. तुकड्याच्या मध्यावर, कडा सोडून, १० सेंमी मोजा आणि त्यात किती खांब बसतात ते पाहा. आमच्या हिशेबाने १६ हवेत. तुमचे १८ बसत असतील तर ३२ खांबांचा चौकोन २० ऐवजी १७.८ सेंमीचा होणार. एका ओळीत असे सहा चौकोन जोडले की पांघरूण १३ सेंमीने आखूड. म्हाताऱ्या माणसाचे पाय उघडे पडायला तेवढं पुरे.

टाके जास्त बसत असतील तर हात घट्ट, सुई अर्ध्या मिलिमीटरने जाड घ्या. कमी बसत असतील तर बारीक. नवीन विकत घेण्याआधी गटात विचारा, कोणाकडे तरी असतेच. सुई निवडताना तिच्यावरच्या नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर पाहा. नंबराच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या आहेत. अमेरिकी पद्धतीत बारीक पोलादी सुयांचा नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते, आणि जाड सुयांचं उलट. आजीच्या डब्यातल्या सुईवर आकडा पुसलेला असेल तर माप माहीत असलेल्या सुईशेजारी धरून बघा.

सुई बदलूनही फरक पडत नसेल तर दोष पकडीत आहे. सुईच्या टोकाला दोरा अडकवायचा आकडा असतो, त्याच्याखाली गळा, तिथे ती निमुळती होते. त्याच्या खाली सरळ दांडा. टाक्याचं माप दांडा ठरवतो. वेढा गळ्यातच ठेवून टाका ओढणाऱ्यांचा टाका सुई ४ मिमीची असली तरी ३ मिमीच्या सुईसारखा येतो. प्रत्येक वेढा दांड्यावर सरकवून मग पुढचा टाका घ्या. एक-दोन ओळी हळू जातील.

६. हवा आणि हात

ही तपासणी मुंबई-पुण्याच्या व्हिडिओत सापडायची नाही. जून ते सप्टेंबर कोकणात हवाच ओली असते. कापूस ती ओल धरतो. प्रमाणित हवेत सुती दोऱ्यात साधारण साडेआठ टक्के पाणी असतं, ॲक्रिलिकमध्ये दोन टक्क्यांच्या आत. आपल्या पावसाळ्यात सुतात याहून जास्तच. त्यात तळहाताला घाम. दोरा बोटावरून सरकत नाही, सुई टाक्यात अडकते, आपण जोर लावतो आणि टाका आवळला जातो. मे महिन्यात दुपारी विणलेला भाग आणि गणपतीनंतर मोकळ्या हवेत विणलेला भाग एकाच चौकोनात असेल तर तो मध्ये चिमटलेला दिसतोच.

दोरा ज्या बोटावरून येतो त्या बोटाला पातळ सुती कापडाची पट्टी गुंडाळा. तासाभराने हात धुऊन कोरडे करा. टाल्कम पावडर लावायची सवय असेल तर बाळांच्या कामाला ती नको. पोलादी सुई बारीक गंजली तरी खरखरीत होते, तिच्यावरून बोट फिरवून पाहा. खरखर लागली तर ती सुई बाजूला ठेवा. गंज दोऱ्यात उतरलाच असेल तर लिंबू आणि मीठ चोळून डाग उन्हात ठेवा, ताजा असेल तर जातो. रंगीत दोऱ्यावर हे करू नका, रंगही जातो. सुया कोरड्या डब्यात ठेवा, खिडकीत नको.

७. दोरा कसला आहे ते जाळून पाहा, धुऊन पाहा

दान आलेल्या दोऱ्याला पट्टी नसते. मुंबईच्या नातेवाइकांकडून येणाऱ्या पिशवीत सुती, ॲक्रिलिक, लोकर सगळं एकत्र असतं आणि चौकोन विणून जोडले की पहिल्या धुण्यात पितळ उघडं पडतं. सुती चौकोन आटतो किंवा ओघळतो, ॲक्रिलिकचा तसाच राहतो, आणि दोघांच्या शिवणीत सुरकुत्या.

बोटभर दोरा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली, जवळ पाणी. मेणबत्तीवर टोक धरा. सूत कागदासारख्या वासाने जळतं आणि मऊ राख उरते. ॲक्रिलिक वितळतं, काळा कडक मणी होतो, आणि तो थेंब गरम असतो, पायावर पडू देऊ नका. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत काढली की ती विझते. मुलांना जवळ बसवू नका. ढिगाऱ्यापासून लांब, अंगणात करा.

मग एक १० सेंमीचा नमुना विणा, कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा आणि पुन्हा मोजा. सुती दोऱ्याचं खरं माप धुतल्यावरचं. गडद लाल आणि निळा दोरा असेल तर त्याच पाण्यात पांढरा तुकडा टाका, रंग सुटत असेल तर आत्ताच कळेल. एकाच पांघरुणाचा दोरा विकत घेत असाल तर सगळ्या गुंड्यांवर लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच पाहा. तोच रंग, वेगळा लॉट, की जोडल्यावर छटा वेगळी दिसते.

बाळाच्या टोपीला सूत. केसाळ, फुलकी लोकर नाही, तिचे धागे तोंडात जातात. दमट उकाड्यात ॲक्रिलिकने घामोळं येतं हे कोकणात कोणाला सांगायला नको.

८. ताणून बसवणं

चार-पाच मिलिमीटरचा फरक, संख्या बरोबर, तर उसवायची गरज नाही. चौकोन ओला करा, टॉवेलात दाबून पाणी काढा, थर्मोकोलच्या तक्त्यावर २० सेंमीची चौकट आखून तिच्यावर टाचण्यांनी ताणून बसवा. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच. पूर्ण वाळल्यावर काढा, पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस लागू शकतात. हे सुतासाठी. ॲक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका, तंतू वितळून तो भाग कायमचा चपटा आणि निर्जीव होतो, परत येत नाही.

टाके गळलेला चौकोन ताणून सरळ होईल ही आशा सोडा. तो पहिल्या धुण्यापर्यंत सरळ राहतो.

९. उसवा

वरचं सगळं झालं तरच. जिथपर्यंत मोजणी बरोबर आहे तिथपर्यंत उसवा, त्या ओळीच्या शेवटच्या टाक्यात सुई अडकवून मगच दोरा ओढा. उसवलेला दोरा कुरळा होतो आणि लगेच विणला तर माप पुन्हा बिघडतं. लडी करून ओली करा, वजन लावून वाळवा. फार जुना, पुन्हापुन्हा उसवलेला सुती दोरा पिंजतो, त्याचं पायपुसणं करा. वृद्धाश्रमाला तो पाठवू नका. दान आहे म्हणून काहीही चालेल असं समजणाऱ्यांशी माझं पटत नाही.

टोपी: वाटी आणि झालर

टोपीची सुरुवात सपाट गोलाने होते. खांबाचा हिशेब: पहिल्या फेरीत १२, दुसरीत प्रत्येक टाक्यात दोन म्हणजे २४, तिसरीत एकाआड एक दोन म्हणजे ३६, चौथीत दोन टाक्यांत एकेक आणि तिसऱ्यात दोन म्हणजे ४८. दर फेरीला १२ ची वाढ. मुक्या खांबाला दर फेरीला ६.

हे आकडे आले कुठून? गोलाची त्रिज्या एका खांबाच्या उंचीने वाढली की घेर त्या उंचीच्या सुमारे सव्वासहा पट वाढतो. खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या जवळपास दुप्पट असते, म्हणून १२ टाके. मुका खांब जेवढा उंच तेवढाच रुंद, म्हणून ६. तुमचा हात खांब उंच ओढत असेल तर १२ अपुरे पडतात आणि वाटी होते, मग १३ किंवा १४ घ्या. बुटका येत असेल तर झालर पडते, ११ घ्या. आकडा पाठ करण्यापेक्षा तुकडा पाटावर ठेवून बघणं बरं.

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंमी. टोपी थोडी ताणून बसायला हवी, म्हणून घेर ३० ते ३२. त्यासाठी सपाट गोल १० सेंमी रुंद झाला की वाढ थांबवायची. आमच्या मापात ४ फेऱ्या आणि ४८ खांब. तिथून पुढे न वाढवता सरळ विणत जा, मध्यापासून कडेपर्यंत सुमारे १३ सेंमी भरेपर्यंत. वाढ एक फेरी जास्त केली तर टोपी नाकावर येते, एक फेरी कमी केली तर कपाळावर वळ उठतात.

घालून बघायला बाळ कुठून आणायचं? नारळ घ्या. सोललेला, शेंडी काढलेला, टेपने मोजून ३४ सेंमी घेराचा. मलमलच्या फडक्यात गुंडाळा, नाहीतर काथ्या दोऱ्यात अडकतो. टोपी त्यावर चढवून सोडा. सहज उतरली आणि परत गोळा झाली तर ठीक. आमच्या पडवीत असा एक नारळ कायमचा ठेवलेला आहे, तो फोडायला बंदी आहे.

फेरी जोडल्याची शिवण हळूहळू उजवीकडे सरकत जाते. तो बिघाड नाही, उसवू नका.

गोंडा, बटण, रिबीन, मणी काही नको. सुटून तोंडात जातं किंवा गळ्याला आवळतं. दोऱ्याची टोकं आतल्या बाजूने ओवून बुजवा.

कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं

नऊही तपासण्या झाल्या आणि पुढच्या चौकोनात तेच लक्षण आलं, तर एकटीने पुन्हा सुरू करू नका. दोरा, सुई, बिघडलेला तुकडा घेऊन वाडीतल्या एखाद्या जाणत्या काकींकडे जा. त्यांना तुकडा दाखवून भागणार नाही, त्यांच्यासमोर दोन ओळी विणा. पकडीतला दोष विणताना दिसतो, तुकड्यात नाही.

दोऱ्यावर काळे ठिपके आणि बुरशीचा वास असेल तर धुऊन, ऊन दाखवून तो बाळांना किंवा आजारी माणसांना देऊ नका. ओवलेल्या टाक्यांच्या आत बुरशी उरते. फेका.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर सुई खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मनगटातली नस दबल्याची ही लक्षणं असतात. तेल चोळून आणि पट्टी बांधून आणखी चार टोप्या पुऱ्या करण्याचा हट्ट करू नका.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर वापरायचे क्रोशाचे सुती कृत्रिम स्तन काही गट मोफत विणून देतात. ते काम चांगलं आहे, पण तिथे माप, दोरा आणि आतलं भरण त्या गटाच्या नियमाप्रमाणेच असावं लागतं. माप चुकलं तर स्वतः डागडुजी करू नका, गटाकडे परत पाठवा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचा खेळण्यातला ऑक्टोपस ही कल्पना २०१३ मध्ये डेन्मार्कमधून पसरली. व्हिडिओ गोड असतात, म्हणून विचारणाही खूप होते. रुग्णालयाने मागितल्याशिवाय विणू नका. तिथे पायांची लांबी ताणून २२ सेंमीच्या आत आणि ६० अंशांच्या पाण्यात धुता येणारं सूत अशा अटी आहेत. या अटी पुऱ्या झाल्या की नाही ते आपण घरी ठरवायचं नसतं.

टोप्यांचंही तेच. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोच्या आतल्या बाळांना वरचं माप मोठं होतं. अशा बाळांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवतात. ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. तेव्हा बाळाच्या अंगावर लंगोट आणि डोक्यावर टोपी एवढंच असतं, म्हणून टोपी डोळ्यांवर सरकून चालत नाही. किती घेराच्या, किती, कोणत्या महिन्यात हव्यात, हे नवजात शिशू विभागाच्या सिस्टरना आधी विचारा. एक टोपी नमुना म्हणून द्या, ती त्यांनी त्यांच्या पद्धतीने धुऊन पाहिली की बाकीच्या विणायला घ्या. धुलाईत टिकली नाही असं त्या म्हणाल्या तर तपासणी ७ पासून पुन्हा सुरू करायचं.